कणकेचे हात

या, असे जरा पुढे सरका. मागच्या खांबाला टेकलेत त्यांनीही या. बुवांना यायला अजून अवकाश आहे, टाळकरी चहा पिताहेत, आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा देवळाच्या पायरीपर्यंत पोचत नाही. तोवर एक गोष्ट सांगतो. कीर्तनाचीच आहे, पण कीर्तनात सांगतात तशी संतांची नव्हे. हिच्यात एक दारुडा आहे आणि एक जळकुकडा. दारुड्याचं नाव सर्जेराव. जळकुकडा कोण, ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल. घाई असेल तर माझ्या तोंडाकडे बघा, आत्ताच कळेल.

सप्त्याचा तिसरा दिवस होता. उन्हं कलली होती, संध्याकाळच्या भजनाची तयारी चालली होती. मी याच जागी बसून पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, ओली कणीक लावत होतो. पखवाजाला कणीक लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. ती नसली तर डावी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजते. कणीक बसली की तिच्यातून असा धीरगंभीर नाद निघतो, की माणूस पोटातून हलतो. वाजवायच्या आधी लावायची, वाजवून झालं की लगेच खरवडून काढायची. विसरलात तर ती वाळते आणि पुडी खराब करते.

कणीक थापता थापता मान वर केली, तर पायरीपाशी सर्जेराव उभा.

मधे तीन महिने तो शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात होता. घरी येऊन आठवडा झाला होता, पण देवळाकडे फिरकला नव्हता. अंगावर धुतलेला सदरा, गाल भरलेले, डोळे स्वच्छ. शेजारी आजारातून उठून आला तर माणसाला आनंद व्हावा. मला वाटलं, आला हा. आता माझी जागा गेली.

आता तुम्हाला ही जागा सांगायला हवी. गावच्या भजनात पखवाज सर्जेरावाचा. शेतातल्या पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं त्याचं काम, त्यामुळे बोटं अशी नाजूक की तांब्याची तार केसासारखी गुंडाळायचा. तीच बोटं पखवाजावर पडली की बायका दळण विसरायच्या. मी बारा वर्षं त्याच्या मागे टाळ घेऊन उभा होतो. कणकेचं पीठ माझ्या गिरणीतलं, वाहवा त्याची. मीही शिकलो होतो. घरी पहाटे उठून हात घासायचो. पण तो असताना मला कोण विचारतो!

मग त्याची दारू वाढली. एका एकादशीला भर कीर्तनात तो पखवाजावर कोसळला आणि उजवी पुडी फुटली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या कमिटीनं मला बसवलं. दोन वर्षं मीच वाजवत होतो. पहिल्याच दिवशी कीर्तन संपल्यावर पारूकाकी, आमच्या गावातली सगळ्यात जुनी श्रोती, मला म्हणाली, "हात बरा हाय रं धोंडी, पण..."

पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. दोन वर्षं मी त्या 'पण'बरोबर जेवलो, त्या 'पण'बरोबर झोपलो. सर्जेराव ओढ्यात पडलेला असायचा आणि लोक म्हणायचे, "गेला बिचारा वाया, पण हात कसला व्हता!" त्याच्या नावात 'पण' आला की पुढे कौतुक. माझ्या नावात आला की पुढे तो.

त्याला केंद्रात नेऊन सोडलं तेही मीच. त्याच्या बायकोला, हौसावहिनीला, दुसरं कोणी मिळालं नाही आणि माझ्याकडे टेम्पो होता. गाव म्हणालं, धोंडीरामाचं मन मोठं. खरं सांगू? परत येताना मी शीळ घालत होतो. नंतर एकदा वहिनीला घेऊन त्याला भेटायलाही गेलो. तिथे काय पाहिलं ते आत्ता सांगत नाही. वेळ आली की सांगेन.

तर सर्जेराव पायरीपाशी उभा होता. आत येईना. खाली वाकून लोकांच्या चपला नीट लावू लागला. डावीला उजवी, टाचेला टाच.

"आरं सर्जेराव, भाईर का? ये की आत!" कोणीतरी हाक मारली.

"हितं बरं हाय. चपला इस्कटल्या की जाताना गोंधळ हुतोय."

आमचे तेव्हाचे कीर्तनकार माणिकबुवा, सत्तरीचे, कानांनी जरा कमी ऐकणारे, बुक्क्याची वाटी घेऊन स्वतः पायरीपर्यंत गेले. सर्जेराव मागे सरकला.

"नगं बुवा. ह्या कपाळाला नगं. तुमचा हात इटाळंल."

"कपाळ देवानं दिलंय, सर्जेराव."

"दिलं देवानंच. घाण मी केलं."

बुवा वाटी तशीच घेऊन परत आले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या मनात मात्र पेढे वाटले जात होते. देवाच्या समोर बसून, कणकेनं भरलेल्या हातांनी, मी म्हणालो, विठ्ठला, याची ही बुद्धी अशीच राहू दे.

दुसऱ्या दिवशी मी भजनाच्या आधी मुद्दाम पायरीशी थांबलो.

"सर्जा, तू बरं केलंस गड्या," मी मायेनं म्हणालो. जळणाऱ्या माणसाच्या आवाजात जितकी माया असते तितकी आईच्याही नसते. "एकदम आत यिऊन बसला असतास तर लोक म्हणलं असतं, बघा, लाज न्हाई. माणसानं आपली पायरी वळखावी."

तो चपलेवरचा चिखल बोटानं काढत होता. म्हणाला, "व्हय धोंडी. मलाबी तेच वाटतं. बाकी समदी ये ये म्हणत्यात. तूच एक खरं बोलतोस."

हे वाक्य तेव्हा मला गोड लागलं. आज इतक्या वर्षांनी तेच कडू लागतं.

पाचव्या दिवशी हौसावहिनी गिरणीवर दळण घेऊन आली. पट्टा चालू होता, तरी ती हलली नाही. मी गिरणी बंद केली.

"भावजी, यास्नी काय झालंय?"

"काय झालंय? दारू सुटली, आता काय पायजे?"

"दारू सुटली, पन माणूस कुठं आलं परत? घरात ताटावर बसत न्हाईत. उंबऱ्यापाशी बसून जेवत्यात. आंगुळीचा तांब्या येगळा ठेवलाय सोताचा. मी न्हाई ठेवला, त्यांनीच ठेवला. केस कापाया दुसऱ्या गावाला गेले. पाटलांची मोटर जळली, बोलवाय मानूस आला, तर म्हणलं, उद्या बिघडली तर म्हणतील दारुड्यानं बिघडवली, दुसरा कोण बघा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पीत व्हते तवा निदान आंगणात बसून भांडायचे तरी माज्याशी."

मला हसू आलं. तिलाही आलं, रडता रडता.

"केंद्रातल्या डॉक्टरबाईनी बजावलंय," ती म्हणाली, "ह्यो एकटा पडला की परत जाईल. मानसात बसवा. भावजी, तुमचं ऐकत्यात ते. काल्याच्या कीर्तनाला एक डाव पखवाजाला हात लावू द्या. एकच डाव. मंग तुमचा तुमीच वाजवा जलमभर."

काल्याचं कीर्तन म्हणजे सप्त्याचा कळस. सातव्या दिवशी सकाळी, पाच गावची माणसं. वर्षभर मी त्याच एका सकाळसाठी हात घासायचो.

"बघतो वहिनी," मी म्हणालो आणि पट्टा चालू केला. गिरणीच्या आवाजात पुढचं काही बोलता येत नाही, ही गिरणीची मोठी सोय आहे.

बुवांनीही विचारलं. "धोंडीराम, काल्याला सर्जेराव बसले तर?"

"त्याचा हात अजून कापतोय, बुवा. भरल्या सभेत फजिती व्हायची बिचाऱ्याची."

हात कापत नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी मी आत वाजवत होतो आणि तो बाहेर पायरीवर बसून एका उलट्या चपलेच्या तळव्यावर दोन बोटांनी ठेका धरत होता. आवाज येत नव्हता, पण बोटं दिसत होती. गजराची लय चढली तशी माझी बोटं अडखळली. मग सगळा गजर मी त्याच्या बोटांकडे बघून पुरा केला. भजन संपल्यावर पारूकाकी म्हणाली, "आज बरा वाजला रं, पण..."

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप भरला होता. वर दह्यालाह्यांची हंडी टांगलेली, खाली माणसं दाटीनं बसलेली. मी नुकता कणकेला हात घातला होता. इतक्यात माणिकबुवा उठले, पायरीकडे गेले आणि कोणाला काही न विचारता सर्जेरावाचा दंड धरून त्याला आत घेऊन आले. म्हाताऱ्या माणसाचा हात झटकता येत नाही म्हणून तो आला. या इथे, या खांबाशी उभा राहिला.

"बसा," बुवा म्हणाले.

तो बसला नाही. हात जोडले. त्याचं अंग घामानं भिजलं होतं.

"बसायच्या आधी एक सांगतो. तिथं तसंच शिकिवलंय." मग मंडपाकडे बघून म्हणाला, "मी सर्जेराव. मी दारुडा हाय. आज एकशे चार दिस झालं, घेतली न्हाई."

आणि तो थांबला.

मंडपात पाचशे माणूस, पण पंख्याचं पातं ऐकू येत होतं. कोणी खाली बघितलं, कोणी खोकलं. बायकांत कोणीतरी कुजबुजलं, "अगं बाई, हे कशाला सांगायचं देवाच्या दारात?" मागे एक जण फिसकन हसला. बुवा हात जोडून तसेच उभे. त्यांना वाटलं, याचं बोलणं अजून व्हायचं आहे.

तो वाट बघत होता. कशाची, ते कोणाला कळेना. मग त्याची मान हळूहळू वळली आणि नजर माझ्यावर येऊन थांबली. पाचशे माणसांतून माझ्यावरच.

आता वेळ आली. केंद्रात काय पाहिलं ते सांगतो.

तिथे एका खोलीत गोल खुर्च्या होत्या. घरून आलेल्यांनाही बसवलं होतं, म्हणून मीही होतो. एकेक माणूस उठायचा. कोणी मास्तर, कोणी ड्रायव्हर, एक तर मोठा वकील होता. उठून म्हणायचा, मी अमका, मी दारुडा आहे, आज इतके दिवस झाले. आणि मग थांबायचा. थांबला की सगळी खोली एका सुरात म्हणायची, "राम राम, अमकेराव!" बस्स, इतकंच. मग तो खाली बसायचा, आणि बसताना त्याचं तोंड बघावं! सर्जेराव उठला तेव्हा मीही म्हणालो होतो, "राम राम, सर्जेराव." तो माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसला होता. परत येताना हौसावहिनी टेम्पोत म्हणाली, "भावजी, आपल्या गावात यास्नी राम राम कोण घालतंय का वो? ह्याच्यासाठीच बसत असतील ती तिथं."

त्या बिचाऱ्याला वाटलं, ही रीत सगळीकडे चालते. देवाच्या दारात तर चालणारच. पाचशे माणसांत ते उत्तर ठाऊक असलेले दोनच जण होते. वहिनी बायकांत मागे होती, तोंडाला पदर लावून, लाजेनं मुकी झालेली. आणि एक मी.

तीन शब्द. आपण रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्यातले दोन घालतो.

मी मान खाली घातली आणि कणकेकडे बघितलं. मनाशी म्हणालो, माझे हात कणकेत आहेत. जणू राम राम हातांनी घालायचा असतो! कणीक चांगली मळलेली होती, तरी मी ती पुन्हा मळत राहिलो.

वर पाहिलं तेव्हा खांबाशी कोणी नव्हतं.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. कीर्तन सुरू झालं. आणि काय सांगू, त्या दिवशी माझा हात असा बसला की माझा मलाच विश्वास बसेना. पायरीवर बोटं दाखवणारं कोणी नव्हतं. गजराला माणसं उभी राहून नाचली. हंडी फुटली. काला म्हणजे एकमेकांच्या तोंडात घालायचा प्रसाद, तिथे थोरला नाही, धाकटा नाही. पारूकाकी गर्दीतून वाट काढत आली, दह्यात भिजलेल्या लाह्या माझ्या तोंडात कोंबल्या आणि म्हणाली,

"आज हात बसला रं धोंडी. आगदी बसला."

मी थांबलो. वाट बघितली. 'पण' आला नाही.

बारा आणि दोन, चौदा वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते मिळालं होतं. माझी नजर मात्र त्या रिकाम्या खांबाकडे गेली.

माणसं जेवणाच्या पंगतीला गेली. मंडप रिकामा झाला. पायरीवर माझ्या चपलांखेरीज एकच जोड उरला होता, टाचेला टाच लावलेला, झिजलेल्या टायरच्या तळाचा. सर्जेराव अनवाणी गेला होता. चैत्रातलं दुपारचं ऊन, आणि तो पाचशे जणांच्या चपला लावून स्वतःच्या न घालता गेला होता.

मी पखवाज खांद्याला अडकवला, चपला हातात घेतल्या आणि निघालो. कणीक खरवडायचीही शुद्ध नव्हती. त्याच्या दारात वहिनी उभी होती. तिनं ओढ्याच्या दिशेला नुसतं बोट केलं.

ओढ्यापलीकडे देशीचं दुकान होतं. बाहेर करंजाच्या सावलीत तो बसला होता. पाय पोळून लाल झालेले. शेजारी रिकामी बाटली. चार-पाच पिणारे आणखी होते. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, खांद्याला पखवाज, असा मी तिथे उगवलो तर ते खदखदा हसले.

"या म्हाराज! हितंबी सप्ता हाय का?"

सर्जेरावानं मान वर केली. "धोंडी, तू जा. तुजं खरं व्हतं. माजी पायरी हीच."

मी चपला त्याच्या पायांपुढे ठेवल्या. टाचेला टाच लावून. मग सरळ उभा राहिलो. पाचशे माणसांत बोलायला जी छाती लागते ती त्याच्याकडे होती. मला पाच दारुड्यांसमोर घाम फुटला.

"मी धोंडीराम," मी म्हणालो. "मी जळकुकडा हाय. चौदा वर्सं तुझ्यावर जळतोय. मगाशी मला उत्तर ठावं व्हतं. मी मुद्दाम दिलं न्हाई."

आणि थांबलो.

तेव्हा कळलं, ते थांबणं म्हणजे काय असतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. पिणाऱ्यांचं हसू विरलं. सर्जेराव माझ्याकडे बघत राहिला, लाल डोळ्यांनी, खूप वेळ. त्याला गप्प बसायचा पुरता अधिकार होता.

"राम राम, धोंडीराम," तो म्हणाला.

मी तिथेच धुळीत बसलो. रडलो, ते सांगत नाही.

जरा वेळानं त्यानं विचारलं, "किती दिस झालं? जळनं सोडून?"

"आजचा पैला."

"पैला लई जड जातो." तो रिकाम्या बाटलीकडे बघून म्हणाला, "माजाबी आता पैलाच."

एकशे चार दिवस. माझ्या तीन शब्दांनी राहिले असते ते.

मग त्याची नजर पखवाजाकडे गेली आणि तो एकदम ओरडला, "आरं गाढवा, कणीक वाळली की रं! पुडी जाईल!" हात पुढे केला आणि निखाऱ्याला लागल्यासारखा मागे घेतला. हळूच म्हणाला, "लावू का हात? मी पिलोय."

चौदा वर्षं मी त्या वाद्यावरून त्याचा हात निघावा म्हणून देवाकडे मागत होतो.

"लाव," मी म्हणालो.

त्यानं पखवाज मांडीवर घेतला आणि नखानं, अगदी सावकाश, जखमेवरची खपली काढावी तशी वाळलेली कणीक काढली. एक चीर नाही पडू दिली.

नंतर काय झालं विचाराल. सर्जेराव आणखी दोनदा घसरला, लपवत नाही. दोन्ही वेळा आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं. पुढची सतरा वर्षं मात्र त्यानं थेंब घेतला नाही. पखवाज त्यानंच वाजवला. मी त्याच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचो आणि कणीक मळून द्यायचो. त्याचं वाजवणं ऐकून लोकांचे डोळे मिटायला लागले की मी पुन्हा जळायचो आणि माझा पहिला दिवस पुन्हा सुरू व्हायचा. तो वाजवता वाजवता मागे वळून हळूच विचारायचा, "काय धोंडीराम, कितवा?" मी म्हणायचो, "वाजव गप."

तो गेल्याला नऊ वर्षं झाली. हा इथे झाकून ठेवलाय, तो त्याचाच पखवाज.

बुवा आलेच वाटतं. जाता जाता एवढंच मागणं. माझं नाव विसरलात तरी चालेल, त्याचं ध्यानात ठेवा. पायरीपाशी चपला लावत कोणी उभा दिसला, तर त्याच्यात सर्जेरावाला ओळखा. आणि आत्ता, टाळ वाजायच्या आधी, मी त्याच्या वतीनं त्याचं वाक्य म्हणणार आहे. म्हणून मी थांबेन. तुमच्यापैकी कोणाचेही हात कणकेत नाहीत. गप्प बसू नका.

मी सर्जेराव. मी दारुडा आहे.